‘क्रॅश’ चित्रपटातला पोलीस रायन शेवटी चांगला माणूस ठरतो का?

माझ्या मते नाही. तरी असा प्रश्न पडावा, ही मॅट डिलनच्या अभिनयाची कमाल.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पॉल हॅगिसच्या या सिनेमात लॉस एंजेलिसमधली गोरी, काळी, लॅटिनो, इराणी माणसं दीड-दोन दिवसांत एकमेकांवर आदळत राहतात. गोरा पोलीस रायन रात्री एका काळ्या जोडप्याची गाडी उगाच अडवतो आणि झडतीच्या नावाखाली नवऱ्यादेखत क्रिस्टीनच्या अंगावरून नको तसा हात फिरवतो. दुसऱ्या दिवशी उलटलेल्या गाडीतून जिवावर उदार होऊन तिला बाहेर काढतो तोही हाच. त्याला पाहताच ती किंचाळते, दुसरं कुणीही चालेल पण तू नकोस म्हणते. गाडीखाली पेट्रोल सांडतंय आणि हा तिच्या मांडीवरून हात पुढे न्यायची परवानगी मागतोय! प्रसंग जबरदस्त आहे. पण यातून रायन शूर आहे एवढंच कळतं. शौर्य आणि चांगुलपणा एका माणसात एकत्र नांदतीलच असं कुठे असतं? आदल्या रात्रीचा गुन्हा यानं धुऊन निघत नाही.

मला त्याहून बोचतो तो साहेबाच्या खोलीतला प्रसंग. तरुण जोडीदार हॅन्सन रायनची तक्रार घेऊन जातो. साहेब स्वतः काळा. तो खात्याची आणि स्वतःच्या खुर्चीची अडचण ऐकवतो, आणि बदली हवी तर ‘मला गॅसेसचा त्रास आहे’ असं कारण दे म्हणतो. आपण हसतो, आणि तक्रार तिथेच जिरते. वर्णद्वेष खात्यात कसा टिकतो, हे या दोन मिनिटांत जेवढं दिसतं तेवढं बाकी सगळ्या आरडाओरड्यात दिसत नाही. (आरडाओरडा फार आहे. 2006 मध्ये ‘ब्रोकबॅक माउंटन’ला मागे टाकून याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, ते मला आजही पटत नाही.)

पुढे हाच सज्जन हॅन्सन एका निःशस्त्र काळ्या तरुणाला नुसत्या संशयावरून गोळी घालतो आणि प्रेत रस्त्याकडेला टाकून निघून जातो. म्हणजे वाईट पोलीस जीव वाचवतो, चांगला पोलीस जीव घेतो. इथे मला लेखकाची फूटपट्टी दिसते. रायनला आजारी बापाची पार्श्वभूमी मिळते, मग सुटकेचा प्रसंग मिळतो. क्रिस्टीनला काय मिळतं? नवऱ्याला एक फोन. रायनला तिनं माफ केलं का, हे तिला कुणी विचारतही नाही.