तांब्याच्या तारेनं शिवलेली पिशवी

गेल्या अंकात मी अँडीजमधल्या विमान अपघाताचा ओझरता उल्लेख केला आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलंय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १३ ऑक्टोबर १९७२ ला उरुग्वेच्या हवाई दलाचं एक विमान ४५ जणांना घेऊन चिलीकडे निघालं होतं. त्यात माँटेव्हिडिओच्या ओल्ड ख्रिश्चन्स क्लबचा रग्बी संघ होता, खेळाडूंचे मित्र आणि नातलग होते. विमान डोंगराला घासलं, पंख आणि शेपूट तुटली, आणि मधला सांगाडा घसरत साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या हिमनदीवर जाऊन थांबला. ७२ दिवसांनी त्यातले १६ जण जिवंत परतले.

माझा मुलगा दहावीत आहे. परवा जेवता जेवता त्यानं विचारलं, “आई, त्यांनी मेलेल्या मित्रांचं मांस खाल्लं ना? मग ती चांगली माणसं होती की वाईट?” माझा घास हातातच राहिला. काय सांगू त्याला?
– एक आई, सातारा

ताई, खरं ते सांगा. दहावीतल्या मुलाला पेलतं.

विमानात थोडी चॉकलेटं, जॅम आणि वाइनच्या काही बाटल्या होत्या. त्या उंचीवर गवताचं पातं नाही की किडामुंगी नाही. मुलांनी सामानाच्या बॅगांचं चामडं चावून पाहिलं. रोबेर्तो कानेसा तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. अन्न मिळालं नाही तर आपलं शरीर आपल्यालाच संपवणार, हे त्याला इतरांच्या आधी उमगलं. मग सगळे बसून बोलले. कोणी लगेच तयार झालं, कोणाला फार वेळ लागला. त्यांनी एकमेकांना शब्द दिला: मी गेलो तर माझं शरीर तुमच्या उपयोगी पडू दे. मुलाला हा शब्द आधी सांगा, मांसाचं नंतर. प्रत्येकानं आधी स्वतःला देऊ केलं होतं.

परत आल्यावर त्यांनी हे दडवलं नाही. २८ डिसेंबरला, आपल्याच जुन्या शाळेत, पत्रकारांसमोर बसून सांगितलं. ती सगळी श्रद्धाळू कॅथलिक घरांतली मुलं. त्यांच्या धर्मगुरूंनी याला पाप म्हटलं नाही. जानेवारीत मृतांचे अवशेष विमानाजवळच पुरून त्यावर लोखंडी क्रूस उभारला गेला.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाला माझं उत्तर: चांगली माणसं होती. मला त्यात तिळमात्र शंका नाही.

त्यांनी विमानाच्या भंगारातून स्लीपिंग बॅग शिवली असं वाचलं. तुम्ही स्वतः बॅगा शिवता म्हणून विचारतो, असं खरंच जमतं का? आणि सगळीकडे बर्फ असताना पाण्याची अडचण का व्हावी?
– एक गिर्यारोहक, ठाणे

जमतं. पण काय किंमत देऊन, ते सांगते.

नाशिकला मी गेली २८ वर्षं सॅक आणि स्लीपिंग बॅगा शिवतेय. सुरुवातीला मीही गोधडीसारखाच आरपार धावदोरा घालायचे. माझी पहिली बॅग घेऊन मीच मनालीच्या वर एका रात्री झोपले. पहाटे पाठीवर थंडीच्या रेघा उमटल्या होत्या, बरोब्बर शिवणीच्या जागी. टाका आरपार गेला की आतलं अस्तर तिथं चेपतं. चेपल्या जागी हवा उरत नाही, आणि ऊब हवेतच असते. तेव्हापासून मी आत पडदे घालून कप्पे पाडते.

आता त्या मुलांकडे काय होतं ते बघा. विमानाच्या मागच्या भागातलं उष्णता अडवणारं अस्तर, एअर कंडिशनिंगवरचं पाणी न झिरपणारं कापड आणि तांब्याची तार. नोव्हेंबरात तिघं जण तुटलेली शेपूट शोधून काढून पुढे चालत गेले होते. एक रात्र उघड्यावर काढताना ते गोठून मरायचेच वाचले. बाहेर झोपायची सोय झाल्याशिवाय डोंगर ओलांडता येणार नाही, हे त्या रात्री सगळ्यांना कळून चुकलं.

शिवायला बसला कार्लितोस पाएस, वय १९. लहानपणी आईनं त्याला सुई धरायला शिकवलं होतं. त्यानं इतरांना शिकवलं आणि मग आळीपाळीनं सगळे शिवू लागले.

तुमचं पत्र आल्यावर मी गल्लीतल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची बारीक तार आणली आणि अस्तराचे दोन थर घेऊन वीतभर शिवून पाहिलं. दोरा ओढला की टाका बसतो, तार तशी बसत नाही. वळवलेली बाजू तशीच वाकडी राहते. प्रत्येक टाका अंगठ्यानं दाबून बसवावा लागला. जरा जोरात ओढली की तार कापड चिरते, सैल सोडली की फट राहते. वीतभराला पाऊण तास गेला. माझी बोटं उबेत होती, पोट भरलेलं होतं, आणि तरी अंगठ्याचं टोक दुसऱ्या दिवसापर्यंत हुळहुळत होतं. त्या मुलांनी तिघं मावतील एवढी पिशवी शिवली! तिघं एकात, कारण एकाची ऊब दुसऱ्याला. आपल्याकडे कडाक्याच्या थंडीत एका वाकळीखाली तीन पोरं झोपतात, तसंच.

पाण्याचं म्हणाल, तर बर्फ म्हणजे पाणी नव्हे. किलोभर बर्फ पोटात वितळवून अंगाइतकं गरम करायला शरीराचे सुमारे ११७ किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे एक ज्वारीची भाकरी फक्त पाणी पिण्यापायी गेली. उंचीवरच्या कोरड्या हवेत नुसत्या श्वासानंही अंगातलं पाणी उडत राहतं. फितो स्ट्राऊख नावाच्या मुलानं सीटच्या पाठीचे अॅल्युमिनियमचे पत्रे काढले, ते वाकवून उन्हात धरले, वर बर्फ ठेवला आणि थेंब थेंब बाटलीत धरला. उन्हानं डोळे जाऊ नयेत म्हणून वैमानिकाच्या खोलीतल्या ऊन अडवणाऱ्या रंगीत प्लास्टिकचे चष्मेही त्यानंच केले. भुसभुशीत बर्फात पाय रुतू नयेत म्हणून सीटच्या गाद्या पायांना बांधल्या.

या गोष्टीत लोकांना दोन नावं आठवतात: मदत आणायला चालत गेलेले नांदो पारादो आणि कानेसा. त्यांचं मोठेपण आहेच. पारादोची आई अपघातात गेली, बहीण आठवडाभरानं त्याच्याजवळच गेली, आणि तरी तो चालला. पण ते चालू शकले ते मागे राहिलेल्यांनी पाणी वितळवलं, पिशवी शिवली आणि आपल्या वाटचं अन्न त्यांना जास्त दिलं म्हणून. शिबिरांतून ही गोष्ट सांगताना हा भाग गाळला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आम्ही मुलांना शिकवतो, वाट चुकली की जागचे हलू नका. मग ही मुलं का निघाली? आणि कुठं जायचं हे त्यांना कळलं कसं?
– निवृत्त भूगोल शिक्षक, रत्नागिरी

सर, तुम्ही शिकवता ते बरोबरच आहे. सह्याद्रीत तेच सांगा. कोणीतरी शोधायला येणार असतं तिथं थांबायचं. इथं पांढऱ्या बर्फात पांढरं विमान वरून दिसलंच नाही आणि आठ दिवसांनी शोध थांबला. हे त्यांना छोट्या ट्रान्झिस्टरवर अकराव्या दिवशी कळलं. तरी ते घाईनं सुटले नाहीत. २९ ऑक्टोबरला हिमकडा कोसळून आणखी ८ जण गेले. बाकीचे तीन दिवस गाडल्या गेलेल्या सांगाड्यात अडकून होते. त्यानंतरही त्यांनी थंडी ओसरायची आणि पिशवी पुरी व्हायची वाट पाहिली. १२ डिसेंबरला पारादो, कानेसा आणि विझिंतिन निघाले.

कुठं जायचं, हे मात्र त्यांना चुकीचं ठाऊक होतं. क्युरिको हे चिलीतलं गाव मागे पडलं असं सहवैमानिक मरताना सांगत राहिला, म्हणून समोरच्या डोंगरापलीकडे चिलीची हिरवी खोरी असतील असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात ते अजून अर्जेंटिनातच होते. पूर्वेला वीसेक किलोमीटरवर एक बंद पडलेलं हॉटेल होतं, त्याची त्यांना कल्पनाच नव्हती. तीन दिवस चढून माथ्यावर पोचले तर समोर क्षितिजापर्यंत डोंगरच डोंगर. तिथं त्यांनी विझिंतिनला परत पाठवलं, म्हणजे त्याच्या वाटचं अन्न उरलेल्या दोघांना पुरेल. आणि दोघं पुढेच गेले.

नवव्या दिवशी संध्याकाळी नदीच्या पलीकडे घोड्यावरची माणसं दिसली. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. “उद्या” एवढाच शब्द पोचला. दुसऱ्या दिवशी सेर्हिओ कातालान हा गुराखी परत आला. त्यानं दगडाला कागद आणि पेन्सिल बांधून पलीकडे भिरकावली. पारादोनं लिहिलं: मी डोंगरात पडलेल्या विमानातून आलोय, उरुग्वेचा आहे, दहा दिवस चालतोय, वर १४ जखमी आहेत, आम्हाला चालवतही नाही. कातालाननं त्यांच्याकडे भाकरी फेकली, घोड्याला टाच मारली आणि पोलिसांना गाठायला निघाला.

सर, भूगोलाचे शिक्षक म्हणून तुम्हाला त्या चिठ्ठीची शेवटची ओळ सांगते. किलोमीटरचा आकडा नाही, दहा दिवस नाही, डोंगराचं नाव नाही. पारादोनं शेवटी विचारलं होतं, “आम्ही कुठे आहोत?”