विचारा तर खरं: बाहेरच्या टॉयलेटमुळे इन्फेक्शन होतं का?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, मी ३१ वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे, रोज एसटीने जाऊन येऊन तीन तास प्रवास. शाळेत एकच टॉयलेट आहे आणि स्टँडवरचं तर विचारूच नका. गेल्या वर्षभरात तीनदा उन्हाळी लागली. आता मी पर्समध्ये सीटवर मारायचा स्प्रे ठेवते, कमोडला टेकत नाही, अर्धवटच बसते, आणि शक्यतो पाणीच पीत नाही म्हणजे जायलाच नको. तरी परत जळजळ सुरू. सासूबाई म्हणतात बाहेरचं वापरतेस म्हणूनच होतंय. खरंय का?

उत्तर: अगं, सासूबाईंना सांग की बाहेरचं वापरल्यामुळे नाही, न वापरल्यामुळे होत असणार. युरीन इन्फेक्शनचे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात, ई. कोलाय नावाचे, आणि बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटीमीटरची, पुरुषाची २० च्या आसपास, त्यामुळे मागच्या बाजूचे जंतू पुढे सरकून वर चढायला आपल्याकडे रस्ताच छोटा आहे. ते वर चढले तरी भरपूर पाणी पिऊन वेळच्या वेळी लघवी केली की बरेचसे धुवून निघतात. तू पाणीच पीत नाहीस आणि सहा सहा तास धरून ठेवतेस म्हटल्यावर त्यांना आत निवांत वाढायला वेळच वेळ!

सीटला मांडी टेकली म्हणून हे इन्फेक्शन होत नाही, मांडीच्या कातडीतून जंतू मूत्राशयात जात नाहीत. आणि स्टँडवर बहुतेक ठिकाणी इंडियनच असतं ना, तिथे टेकायचा प्रश्नच नाही, भांड्याला लागतात फक्त चपला. कमोडवर असं अधांतरी बसलं की खालचे स्नायू आवळलेलेच राहतात, लघवी पूर्ण होत नाही, थोडी आत उरते, आणि ती उरलेलीच त्रास देते (शिवाय सीटवर उडते, म्हणजे पुढची बाईही अधांतरी). ओलं असेल तर टिश्यूने पूस आणि सरळ बस. स्प्रे मनाच्या समाधानासाठी ठेवायचा तर ठेव, पण त्याच पैशात कागदी साबणाची डबी येते, ती जास्त कामाची.

धुताना पुढून मागे, उलटं कधीच नाही. जेट असेल तर आधी थोडं पाणी सोडून दे, मग वापर. नवऱ्याजवळ गेल्यावर लघवीला जाऊन यायचं, हे पेशंट विचारत नाहीत आणि आम्ही डॉक्टरही सांगायला लाजतो, पण तुझ्या वयात वारंवार उन्हाळी लागण्याचं शरीरसंबंध हे एक मोठं कारण आहे. वर्षात तीनदा म्हणजे दुर्लक्ष करायचं नाही, या वेळी गोळी सुरू करायच्या आधी युरीन कल्चर (लघवीत कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) कर आणि शुगरही बघून घे, मेडिकलवाल्याकडून मागच्या वेळचीच स्ट्रिप आणून दोन दिवस खायची आणि बरं वाटलं की सोडायची हे बंद. थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीत दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं.

बायकांनी पाणी न पिता प्रवास करायचा हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की मुंबईत २०११ मध्ये महिला संघटनांना त्यासाठी 'राइट टू पी' (म्हणजे लघवीचा हक्क) अशी मोहीमच काढावी लागली, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे का, इथून विषय सुरू होता. तुझ्या शाळेतल्या मोठ्या मुलीही पाणी पीत नसणार, बघ जरा.

प्रश्न: मी हॉस्टेलला राहतो, १४ मुलांत दोन टॉयलेट. कमोडवरून गुप्तरोग किंवा एड्स होतो असं रूममेट म्हणतो. मला जांघेत खाज आणि गोल चट्टा आलाय, झोप उडालीये.

उत्तर: झोप रे बाबा. एचआयव्ही सीटवरून पसरत नाही, गनोरिया आणि सिफिलिसचे जंतूही शरीराबाहेर फार टिकत नाहीत. तू सांगतोस ते गजकर्ण वाटतंय, म्हणजे बुरशी, आणि ती बहुतेक दुसऱ्याच्या टॉवेलवरून नाहीतर दोरीवर नीट न वाळलेल्या चड्डीवरून आली असेल. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात, बाथरूममध्ये स्लीपर, घट्ट जीन्स काही दिवस नको. मेडिकलमधली 'तीन औषधं एकात' वाली ट्यूब मात्र लावू नकोस, त्यात स्टिरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग चट्टे दुप्पट होतात. स्किनच्या डॉक्टरला दाखव.

प्रश्न: आमच्या चाळीत मजल्याला कॉमन संडास आहेत. शेजारच्या मुलाला कावीळ झालीये, आमच्या घरात लहान मुलं आहेत. सॅनिटायझर पुरेल का? झाडायला येणारा माणूस ॲसिड टाकतो, त्यात आम्ही ब्लीचिंग पावडरही टाकावी का?

उत्तर: नको! ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, त्या एवढ्याशा खोलीत माणूस गुदमरेल. एकच काहीतरी, आणि ॲसिड टाकलं असेल तर आधी भरपूर पाणी ओतून धुवून घ्या.

तुमची भीती मात्र रास्त आहे. शेजारच्या मुलाची कावीळ ए प्रकारची, म्हणजे हिपॅटायटिस ए असेल (लहान मुलांत बरेचदा तीच असते) तर ती विष्ठेतून हाताला आणि हातातून तोंडात अशी जाते, आणि डोळे पिवळे दिसायच्या एक-दोन आठवडे आधीपासूनच विषाणू बाहेर पडत असतो, म्हणजे कळेपर्यंत कडी, नळ, टमरेलाचा कान सगळ्यांनी हाताळून झालेलं असतं. जुलाबाचंही तसंच, उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. साबण लावून वीस सेकंद चोळून वाहत्या पाण्याखाली हात धुणं, पोरांचेही, जेवायच्या आधी तर नक्कीच. कडी आणि नळ रोज ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, टमरेल आपापलं घेऊन जा, काही दिवस प्यायचं पाणी उकळा आणि मुलांच्या लसीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा, हिपॅटायटिस ए ची लस मिळते, विषाणूशी संपर्क आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत घेतली तरी उपयोग होतो.

आणि नळापाशी साबण ठेवला की पळवतात असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. माझ्या आजीच्या चाळीत तो जुन्या पायमोज्यात घालून नळाला गाठ मारलेला असायचा, मोज्यासकटच हाताला चोळायचा. मोजा कुणी कधी नेला नाही.