दहावीतलं सस्पेन्शन कॉलेजच्या अर्जात आडवं येतं का?

मूल बारावीत गेलं की अमेरिकेतल्या मराठी घरांतून कॉलेजच्या अर्जांबद्दल विचारायला सप्टेंबरात मला हमखास फोन येतो. शाळेत एकदा सस्पेन्शन, म्हणजे काही दिवस शाळेत यायची बंदी, झालं होतं, आता कॉलेज घेईल का, स्कॉलरशिप बुडेल का? मार्क उत्तम असतात, तरी आवाज दबका असतो, कारण गावाकडच्या आजी-आजोबांपर्यंत ही गोष्ट पोचू दिलेली नसते. अशाच एका घराची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा दहावीत असताना शाळेच्या बाथरूममध्ये व्हेपसकट, म्हणजे ई-सिगारेटसकट, सापडला. तीन दिवसांचं सस्पेन्शन झालं. पुढे एकही तक्रार नाही. अर्जाची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, "ताई, विचारलं तरी सरळ 'नाही' लिहू. कोण बघायला येतंय?" आईने त्याच्याकडून दोन पानी माफीनामा लिहून घेतला होता आणि तोच मुख्य निबंध म्हणून सगळ्या कॉलेजांना पाठवायचा तिचा बेत होता. मला दोन्ही मार्ग पटले नाहीत. वडिलांचा धोक्याचा होता, पण आईचाही काही कमी नव्हता. कॉमन ॲप म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची ऑनलाइन सोय. तिच्या निबंधाला 650 शब्दांची मर्यादा असते. सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःबद्दल सांगायला मिळालेली ती जागा एका बाथरूमवर का खर्च करायची?

मी आधी विचारलं, "शाळेच्या फाइलमध्ये नेमकं काय लिहिलंय, पाहिलंत का?" पाहिलं नव्हतं. सहसा कुणीच पाहिलेलं नसतं. सगळी भीती ऐकीव नोंदीची असते. फेरपा या 1974 च्या केंद्रीय कायद्याने पालकांना मुलाची शालेय कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला आहे आणि मागणी केल्यापासून 45 दिवसांच्या आत शाळेला ती दाखवावी लागतात. मूल 18 वर्षांचं झालं की हा हक्क त्याच्याकडे जातो, तेव्हा वाढदिवस होऊन गेला असेल तर मागणी मुलानेच करायची.

फाइल हातात आली आणि वडिलांचा चेहरा उतरला. 'ड्रग पझेशन' अशी नोंद होती. व्हेप निकोटिनचा होता, पण कुणीतरी संगणकात भलताच कोड टाकला होता. फेरपाचा आधार घेऊन शिक्षाच चुकीची होती असा वाद घालता येत नाही. नोंद मात्र चुकीची किंवा दिशाभूल करणारी असेल तर दुरुस्ती मागता येते. शाळेने नाकारली तर सुनावणी मागता येते, आणि निर्णय तिथेही विरुद्ध गेला तर आपलं निवेदन फाइलला जोडता येतं. आमचं प्रकरण तेवढं ताणलं नाही. त्याच फाइलमधल्या मूळ इन्सिडंट रिपोर्टमध्ये निकोटिन असं स्पष्ट लिहिलं होतं. तो व्हाइस प्रिन्सिपलना दाखवल्यावर नोंद बदलली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वात मोलाचं काम हेच झालं.

मग अर्ज. कॉमन ॲपने शिस्तभंगाचा प्रश्न 2021-22 च्या हंगामापासून आपल्या सामायिक भागातून काढून टाकला. कृष्णवर्णीय मुलांना 'हो' लिहावं लागण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या दुपटीहून जास्त आहे, असं त्यांच्याच आकडेवारीत दिसलं होतं. पण एखादं कॉलेज स्वतःच्या प्रश्नांमध्ये आजही ते विचारू शकतं. या मुलाच्या यादीतल्या नऊपैकी दोन कॉलेजांनी विचारलं होतं. दोन्हीकडची भाषा वेगळी. एकाला फक्त सस्पेन्शन आणि एक्स्पल्शन (शाळेतून कायमचं काढणं) हवं होतं, दुसऱ्याला नववीपासूनची कोणतीही कारवाई, म्हणजे डिटेन्शन (शिक्षा म्हणून शाळेत थांबवून ठेवणं) सुद्धा. जे विचारलंय तेवढ्याचंच खरं उत्तर द्यायचं, असं आमचं ठरलं. उरलेल्या सात ठिकाणी या विषयावर अवाक्षर नाही. आईला ही लपवाछपवी वाटली. न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे तिला पटवायला मला वडिलांपेक्षा जास्त वेळ लागला.

वडिलांना पटवलं ते अर्जाखालच्या सहीने. दिलेली माहिती खरी आहे असं मूल लिहून देतं आणि ती खोटी निघाली तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. शिवाय मूल जिथे अर्ज करतं त्या कॉलेजला शिस्तीच्या नोंदी पाठवायची मुभा फेरपा शाळेला देतो. काही शाळा पाठवतात, काही धोरण म्हणून पाठवत नाहीत. आपल्या शाळेचं धोरण काय, ते स्कूल काउन्सेलरला ईमेलवर विचारून घ्यावं. मुलाचं उत्तर आणि शाळेचं उत्तर यांचा मेळ बसायला हवा.

मुलाने उत्तर लिहिलं ते शंभरएक शब्दांत. काय झालं, कधी, शिक्षा कोणती आणि त्यानंतर काय बदललं. पहिल्या मसुद्यात 'मित्रांनी आग्रह केला' असं होतं, ते मी काढायला लावलं.

स्कॉलरशिपचं गणित निराळं. सरकारी आर्थिक मदतीसाठी भरायच्या फाफसा फॉर्ममध्ये शाळेतल्या शिक्षेबद्दल प्रश्नच नसतो, त्यामुळे पेल ग्रांटसारखी सरकारी मदत सस्पेन्शनने अडत नाही. (एच-4, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या मुलांना ती मुळातच मिळत नाही, पण तो निराळा विषय.) कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप बहुधा प्रवेशाच्याच फाइलवरून ठरते, तेव्हा तिथे जे लिहिलं तेच इथेही वाचलं जातं. अडचण येऊ शकते ती शाळेची शिफारस लागते तिथे. नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या स्कॉलरशिप स्पर्धेच्या सेमीफायनलिस्टला पुढे जायला शाळेचा पाठिंबा हवा असतो आणि नॅशनल ऑनर सोसायटी ही गुणी विद्यार्थ्यांची शालेय संघटना निवडीत चारित्र्याचा निकष लावते. खासगी संस्थांचे नियम एकेक करून वाचण्याला पर्याय नाही. प्रकरणात पोलीस आले असतील तर मात्र गोष्ट शाळेपुरती राहत नाही. व्हिसावरच्या कुटुंबाने तेव्हा माझ्यासारखीकडे न येता आधी इमिग्रेशन वकील गाठावा.

विचारणाऱ्या दोन कॉलेजांपैकी एकाने प्रवेश दिला, मेरिटच्या पैशांसकट. दुसऱ्याने नाकारलं. तिथे निष्कलंक फाइलवाल्यांनाही ढिगाने नकार मिळतो, पण वडील आजही तो व्हेपच्या नावावर मांडतात.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, "आता सुटलो ना?" मी म्हटलं, जूनपर्यंत नाही. प्रवेश मिळाल्यावरही शाळा वर्षअखेरचा रिपोर्ट पाठवते, आणि 2017 मध्ये हार्वर्डने फेसबुकच्या एका ग्रुपमधल्या आक्षेपार्ह मीम्सवरून किमान दहा मुलांचे प्रवेश मागे घेतले होते. या दोन महिन्यांत शाळेत नवीन काही घडलं, तर शाळेच्या रिपोर्टची वाट न बघता मुलाने स्वतःच कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला कळवायचं, डिपॉझिट भरलेलं असलं तरी.