८० केव्ही म्हणजे ८० केईव्ही नव्हे

अणुशक्तीनगरला डिप्लोमाला आला आहेस, तर आधी हे पक्कं कर: एक्स-रे ट्यूबवर ८० केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे विद्युतदाब) लावले म्हणून बीमची प्रभावी ऊर्जा ८० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं एकक) होत नाही. ती ऊर्जा काढायला बीमच्या वाटेत अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे वाढवत जा आणि रीडिंग निम्मं कुठे होतं ते बघ. ती जाडी म्हणजे एचव्हीएल (हाफ व्हॅल्यू लेयर). समज, ३ मिमी आली. ०.६९३ ला ०.३ सेंमीने भाग, मग घनता २.७ ने, ०.८५६ येतं; हा वस्तुमान क्षीणन गुणांक, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम किरण किती अडवतं त्याचं माप. या गुणांकाच्या तक्त्यात ते ३० आणि ४० केईव्हीच्या मधे, साधारण ३४ ला बसतं. बीम मात्र अरुंदच हवा आणि किरण मोजणारा चेंबर पत्र्यांपासून चांगला लांब. विखुरलेले किरण आत शिरले की एचव्हीएल उगाच फुगते. यात हयगय नको रे, आपल्या अंगावरचा किरणांचा डोस मोजणाऱ्या टीएलडी बॅजमधलं कॅल्शियम सल्फेट नेमकं याच ऊर्जेला कैक पट जास्त प्रतिसाद देतं.