‘दारिद्र्य’ की ‘दारिद्रय’? शुद्ध रूप, अर्थ आणि व्युत्पत्ती

‘दारिद्र्य’ हेच रूप शुद्ध आहे. ‘दरिद्र’ या संस्कृत विशेषणाला भाववाचक ‘य’ प्रत्यय लागताना पहिल्या स्वराची वृद्धी होऊन ‘द’चा ‘दा’ होतो आणि शेवटी द्, र्, य ही तीन व्यंजने जोडली जातात; म्हणून ‘दारिद्रय’ चुकीचे ठरते. ‘दारिद्र्यता’ हे रूपही टाळावे, कारण त्यात भाववाचक प्रत्यय दोनदा लागतो. ‘दरिद्रता’ मात्र निर्दोष आहे. जोडाक्षरापूर्वीचा ‘रि’ ऱ्हस्वच राहतो.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, ‘दरिद्रा दुर्गतौ’ असा स्वतंत्र धातू दिला असून ‘दरिद्राति’ म्हणजे तो निर्धन होतो. आधुनिक भाषाभ्यासक मात्र हा धातू ‘द्रा’ म्हणजे धावणे याच्या द्विरुक्त रूपातून आला असे मानतात, आणि मला हेच अधिक पटते: पोटासाठी दारोदार भटकावे लागणारा तो दरिद्र. पालीत याचे ‘दलिद्द’ झाले. आपल्या बोलीतील ‘दळिद्री’ त्याच वळणाचा शब्द आहे. मराठीत ‘दरिद्री’चा अर्थ कद्रू, हलक्या मनाचा असाही होतो.

‘अठराविश्वे दारिद्र्य’ यातील ‘विश्वे’ हे ‘विसे’चे (विसा म्हणजे वीसचा गट) रूप असून अठरा विसे म्हणजे 360, अर्थात वर्षाचे सर्व दिवस, अशी उपपत्ती प्रचलित आहे.