गडचिरोली जिल्ह्याच्या मुलचेरा तालुक्यातील आमच्या बंगाली वसाहतीच्या आठवणींचे संग्रहालय शाळेच्या एका खोलीत करता येईल का?

होय, एक कोरडी खोली पुरेशी आहे; मात्र वस्तू मांडण्याआधी आठवणी ध्वनिमुद्रित करा, कारण पूर्व पाकिस्तानातून जाणत्या वयात आलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. अमृतसरच्या टाउन हॉलमधील, २०१७ साली खुले झालेले फाळणी संग्रहालय लोकांनी दिलेल्या वस्तूंवर आणि त्यांनी सांगितलेल्या हकिगतींवरच उभे आहे. न्यूयॉर्कचे टेनमेंट म्युझियम तर स्थलांतरितांच्या भाड्याच्या इमारतीतच असून तेथे राहून गेलेल्या कुटुंबांचे साधे जगणे हाच त्याचा विषय आहे. मुलाखती बांगला भाषेतच घ्या, मराठी भाषांतर नंतर होईल. रायपूरजवळच्या माना येथील निर्वासितांच्या छावणीतून कोण आले, पहिले धान कसे पिकवले, हे विचाराच; आणि ज्यांच्या परिसरात वसाहत झाली त्या शेजारच्या गोंड-माडिया गावांचे म्हणणेही नोंदवा, त्यावाचून हा इतिहास अर्धाच राहील. प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन ती कोणी दिली, कोठून आली, हे नोंदवहीत लिहा. निर्वासित कार्डे आणि जमिनीचे पट्टे मात्र मूळ स्वरूपात घेऊ नका. जातीचा दाखला किंवा नागरिकत्वाच्या कामी त्या कुटुंबांना त्यांची गरज पडू शकते, म्हणून छायाप्रत ठेवा आणि तीही लेखी संमतीनेच लावा. मी ग्रंथालयात जुन्या कागदांच्या जतनाचे काम करतो, त्यावरून आणखी एक सांगतो: असे कागद लॅमिनेट करू नयेत.