'डेर वायसे डेमोन' (१९३२): टोळी खरी होती का आणि बहीण कुठे गायब होते?

'डेर वायसे डेमोन', म्हणजे 'पांढरा राक्षस', या जर्मन सिनेमाबद्दल तुमचे प्रश्न दोन. मॉर्फिनच्या तस्करीचं असं जाळं त्या काळच्या जर्मनीत खरंच होतं का? आणि व्यसनी बहिणीपासून सुरू झालेली गोष्ट पुढे तिलाच का विसरते?

दुसऱ्याचं उत्तर दोन शब्दांत: हान्स आल्बर्स. तो तेव्हा 'ऊफा' या जर्मनीतल्या बड्या चित्रपट कंपनीचा हुकमी एक्का. हॅम्बुर्गला परतलेला भाऊ, गायिका बहीण मॉर्फिनच्या आहारी गेलेली, एवढं मांडून झालं की आल्बर्सला टोळीच्या मागे पॅरिस, लिस्बनपर्यंत पळवायचं. प्रेक्षक तिकीट त्याचंच काढत होते. गेर्डा माउरुससारखी नटी, फ्रिट्झ लांगच्या 'स्पिओने'ची नायिका, बहिणीच्या भूमिकेत हाताशी असून तिच्या वाट्याला फारसं येत नाही, हे मलाही खटकतं. बहिणीचं दुःख हे भावाच्या मारामारीचं निमित्त, हा हिशेब आपल्या सिनेमांनीही पुढे इमानेइतबारे चालवला म्हणा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'हो', आणि ते सिनेमापेक्षा रंजक आहे. मॉर्फिन, कोकेन तयार करण्यात त्या काळी जर्मनी जगात आघाडीवर होता. डार्मश्टाटची मर्क कंपनी दोन्ही बनवायची. बायरने तर १८९८ पासून हेरॉइन खोकल्यावरचं औषध म्हणून विकलं. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना मॉर्फिनची इंजेक्शनं मिळाली, आणि युद्ध संपलं तरी काहींची सुई सुटली नाही. १९२५ साली जिनिव्हात अमली पदार्थांबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला, १९२९ अखेरीस जर्मनीने आपला अफू कायदा नव्याने केला. औषधाच्या चिठ्ठीचे आणि निर्यातीच्या परवान्याचे नियम आवळले गेले. मग काळा बाजार जोरात चालणारच. कारखान्यातून कायदेशीर बाहेर पडलेला माल कागदोपत्री एका देशात जायचा आणि प्रत्यक्षात भलत्याच ठिकाणी उतरायचा. त्यामुळे कथेतलं हॅम्बुर्ग बंदर नुसतं नेपथ्य समजू नका. सिनेमाचं सगळं लक्ष मात्र टोळीवर. माल मुळात बनतो कुठे, या प्रश्नात त्याला रस नाही.

आता पडद्यामागच्या माणसांबद्दल थोडं, कारण मला हा सिनेमा त्यांच्यासाठीच महत्त्वाचा वाटतो.

दिग्दर्शक कुर्ट गेरॉन. 'डेर ब्लाउए एंगल' या सिनेमातला तो लठ्ठ जादूगार आठवतो? तोच. १९२८ साली नाटककार ब्रेख्तच्या 'ड्रायग्रोशनओपर' या संगीत नाटकाच्या पहिल्या प्रयोगात मॅकी मेसरचं गाणं त्यानेच गायलं होतं. मूळचा वैद्यकीचा विद्यार्थी. युद्धात गंभीर जखमी झाला आणि नंतर शिक्षण अर्धवट असतानाच त्याला लष्करी डॉक्टर म्हणून कामाला लावलं. म्हणजे वेदना काय आणि वेदनाशामक काय, हे त्याला पटकथेतून कळायची गरज नव्हती.

कुबड्याच्या भूमिकेतला पीटर लोर तर स्वतःच मॉर्फिनच्या विळख्यात होता. विशीत पोटाच्या आजारात, शस्त्रक्रियेत दिलेलं औषध अंगाला चिकटलं आणि पुढे बरीच वर्षं त्याने पिच्छा पुरवला. हे माहीत असलं की त्याचे प्रसंग मजेत बघवत नाहीत. हा माणूस टोळीच्या बाजूने उभा राहून अभिनय करतोय आणि कॅमेरा बंद झाल्यावर गिऱ्हाइकाच्या बाजूला आहे!

आणखी एक गंमत, कडवट आहे. सिनेमा नोव्हेंबर १९३२ मध्ये आला तेव्हा जर्मन संसदेचा, म्हणजे राइशटागचा अध्यक्ष होता नाझी नेता हेर्मान ग्योरिंग. हिटलरच्या १९२३ च्या म्युनिकमधल्या फसलेल्या उठावात गोळी लागल्यावर त्याला मॉर्फिनची सवय लागली होती, आणि त्यापायी १९२५ मध्ये त्याला स्वीडनमधल्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं होतं. पडद्यावरच्या पांढऱ्या राक्षसाला टाळ्या मिळत असताना खरा रुग्ण सभागृह चालवत होता.

काही महिन्यांत नाझी सत्तेवर आले आणि गेरॉन, लोर या दोघाही ज्यूंना देश सोडावा लागला. लोर निभावला, पुढे हॉलिवुडला पोचला. गेरॉन हॉलंडमध्ये पकडला गेला, तेरेझिनच्या छळछावणीत त्याच्याकडून नाझींनी प्रचारपट करून घेतला आणि १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये आउशवित्झला मारून टाकलं. आल्बर्स जर्मनीतच राहिला आणि स्टारही राहिला.

तुम्हाला कुठे 'स्तुपेफियां' नावाची फ्रेंच प्रत दिसली तर ती डब केलेली समजू नका. डबिंग अजून रुळलं नव्हतं, म्हणून तीच कथा आल्बर्सच्या जागी जाँ म्युरा घेऊन फ्रेंचमध्ये वेगळी चित्रित केली होती. आपल्याकडे प्रभातने त्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदीत असाच दोनदा केला. फरक इतकाच की तिथे गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे दोन्ही भाषांत तेच होते.

लोरसाठीच बसला होतात आणि निराश झालात, तर लांगचा 'एम' हा सिनेमा बघा. इथे त्याला जागाच कमी आहे.